कॅन्सरवर नॅनो औषधं: पैसा तिकडे लावायचा की तपासणीवर?

गिरणगावकर (धागाकर्ता)
माझं मत आधी सांगतो, मग भांडा. 'नॅनो कण कॅन्सरची पेशी शोधून मारणार' ही बातमी मी कॉलेजात असल्यापासून वाचतोय. पहिलं नॅनो औषध, डॉक्सिल, अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं. त्याला तीस वर्षं झाली. परळला टाटाच्या आसपास फुटपाथवर बिऱ्हाड मांडलेली माणसं आजही दिसतात, आणि त्यातले कितीतरी आजार पसरल्यावर आलेले असतात.

याच मुंबईत टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वस्त्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केली. कशाने? व्हिनेगरमध्ये असतं त्या ॲसिटिक ॲसिडने. बोळ्याने लावायचं, मिनिटभर थांबायचं, पेशी बिघडलेल्या असतील तर पांढरा डाग उमटतो. तपासणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या, काही आठवडे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. दीड लाख बायकांच्या या अभ्यासात तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. एवढा फरक कुठल्या नॅनो कणाने पाडलाय ते दाखवा. पुढचा सरकारी रुपया तपासणीलाच जावा.

माटुंग्याची रसायनवाली
तपासणीबद्दल शंभर टक्के सहमत. नॅनोबद्दल अजिबात नाही.

आधी ते व्हिडिओतले रोबो डोक्यातून काढा. डॉक्सिल म्हणजे चरबीच्या रेणूंचा बारीक फुगा, आत डॉक्सोरुबिसिन. व्यास साधारण १०० नॅनोमीटर, केसाच्या जाडीचा हजारावा भाग. डॉक्सोरुबिसिन जुनं आणि जबरदस्त औषध, पण हृदयाचे स्नायू खराब करतं. म्हणून आयुष्यभरात ते किती द्यायचं याला मर्यादा असते. फुग्यात बंद केलं की हृदयाच्या निरोगी रक्तवाहिन्यांतून ते सहज बाहेर पडत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, भिंतीत फटी असलेल्या, तिथून झिरपतं. जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा या संशोधकांनी १९८६ मध्ये हे मांडलं.

दुसरं उदाहरण पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून क्रेमोफोर नावाच्या द्रावकात देतात. त्या द्रावकाचीच रिॲक्शन येते, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. २००५ मध्ये अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेले कण आले आणि द्रावकच गेला. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवरच्या चाचणीत गाठ आटोक्यात आलेल्या बायकांचं प्रमाण १९ वरून ३३ टक्क्यांवर गेलं. हा फरक तुम्हाला किरकोळ वाटतो?

गिरणगावकर
किरकोळ नाही, पण पूर्ण चित्रही नाही. फटीतून झिरपतं म्हणता ना? २०१६ मध्ये दहा वर्षांच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. टोचलेल्या नॅनो कणांपैकी गाठीपर्यंत पोचतात साधारण ०.७ टक्के, तेही प्राण्यांमध्ये. हजारातले सात! बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळतात. 'नेमका नेम' असं आपण पेशंटला कुठल्या तोंडाने सांगतो? त्याच वर्षी अमेरिकेतली बाइंड थेरप्युटिक्स ही नेम धरणारे कण बनवणारी गाजलेली कंपनी दिवाळखोरीत गेली.

आणि तुमचं डॉक्सिल. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये साध्या डॉक्सोरुबिसिनशी त्याची तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्सिल घेतलेल्या बायका साधारण २१ महिने जगल्या, साधं औषध घेतलेल्या २२. जास्त पैसे मोजून आयुष्य तेवढंच.

सिस्टर_भांडुप
मी केमोच्या डे-केअरला काम करते. गिरणगावकर, त्याच अभ्यासात हृदयाला इजा किती कमी झाली तेही लिहा ना. आमच्याकडे लाल सलाईन म्हटलं की पेशंटचा चेहरा उतरतो. साधं डॉक्सोरुबिसिन ते. कॅन्सर आटोक्यात आलेली बाई दोन जिने चढताना धापा टाकते, पाय सुजतात, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला की कळतं. २१ महिने कसे गेले हे महिने मोजून कळत नाही.

पण रसायनवाली ताई, फुग्यातल्या औषधाचा त्रास तुम्हीही लिहा. तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. एका मावशींना पोळीचा गोळा हातात धरवत नव्हता, चटके बसायचे. डॉक्टरांनी पुढचा डोस लांबवला तेव्हा जरा बरं वाटलं. हे घरच्यांना आधी नीट सांगितलंच जात नाही.

गोरेगाव_पूर्व
आमच्या ग्रुपवर 'नॅनो गोल्ड' कॅप्सूल विकतायत, सुवर्णभस्मात नॅनो कण असतात म्हणून कॅन्सरवर चालते म्हणे.

माटुंग्याची रसायनवाली
घेऊ नका, कोणाला घेऊ देऊ नका. कण बारीक असला म्हणून औषध होत नाही. माणसांवर नीट चाचणी झाली का, एवढंच विचारा.

गिरणगावकर, ०.७ टक्के खरं आहे. पण नुसतं औषध टोचलं तरी गाठीपर्यंत थोडंच जातं, बाकी शरीरभर फिरतं. फरक पडतो तो उरलेलं कुठे जातं याने. आणि महाग म्हणून सोडायचं? २०११ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा झाला, तेव्हा २०१२ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, आपल्या सन फार्माचं लिपोडॉक्स हे तसंच फुग्यातलं औषध तात्पुरतं आयात करू दिलं. २०१३ मध्ये सनच्याच जेनेरिकला मंजुरी मिळाली. मुंबईची कंपनी अमेरिकेला पुरवते! हे काम आपल्याला येतं, म्हणून इथेच स्वस्त करा म्हणते मी.

गिरणगावकर
स्वस्त करायचं तर टाटासारखं करा. निवोलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध त्यांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, सोबत तोंडाने घ्यायच्या गोळ्या. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवरच्या १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. नवा कण लागला नाही, डोसवर डोकं लावलं.

माटुंग्याची रसायनवाली
ते औषधही कुठल्यातरी लॅबमध्ये वर्षानुवर्षं पैसा ओतल्यावरच आलं ना? डोस कमी करायला आधी औषध असावं लागतं. तपासणीसाठी सह्या गोळा करा, माझी पहिली घ्या. संशोधनाचं अनुदान कापून मात्र नको.

गोरेगाव_पूर्व
कॅप्सूलचं ग्रुपवर सांगतो. आईचं लाल सलाईन पुढच्या आठवड्यात सुरू होणार आहे, वय ६८, बीपी आहे. नॅनोवालं मागायचं का?

सिस्टर_भांडुप
मागू नका, विचारा. सुरू करण्याआधी टूडी इको झालाच पाहिजे, त्यातला ईएफचा आकडा, म्हणजे हृदय किती जोमाने रक्त पंप करतं तो, लिहून ठेवा. मग ऑन्कोलॉजिस्टना सरळ विचारा: या हृदयाला साधं डॉक्सोरुबिसिन चालेल का, लायपोसोमल, म्हणजे फुग्यातलं, द्यायचं का, की हे औषधच टाळता येईल? आईच्या प्रकारच्या कॅन्सरला लायपोसोमल चालतं की नाही हेही तेच सांगतील. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.