हिवाळ्यातलं लग्न आणि कापसाची खोली

थंडीत लग्न ठेवलं की पावसाचं टेन्शन नाही, असं लोक म्हणतात. आमच्याकडे येऊन म्हणा!

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरजवळच्या गावी चुलत बहिणीचं लग्न होतं. तुळशीचं लग्न नुकतंच लागलेलं, त्यामुळे सगळीकडे घाई. पश्चिमी झंझावात (हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतात येणारी पावसाळी हवा) आणि अरबी समुद्रावरची ओल एकत्र आली की ऐन हिवाळ्यातही असा अवकाळी पाऊस होतो, हे मला नंतर कळलं. हळदीच्या संध्याकाळी मात्र एवढंच कळलं की मांडवाचं कापड पाण्याने फुगून खाली आलंय. काकांनी बांबूने खालून ढोसलं आणि सगळं पाणी व्याह्यांच्या फेट्यावर. 'आते कसं व्हई रे भाऊ?' म्हणत आजी बसली ती बसलीच.

जेवणाच्या बट्ट्या (कणकेचे गोळे) उकडून कापून ठेवलेल्या होत्या, तळायच्या बाकी. चुली विझल्या. शेवटी गॅसची शेगडी गोठ्यात नेली आणि बैलांच्या साक्षीने घाणा काढला.

खरी गंमत रात्री. मुक्कामी पाहुण्यांना झोपवायला कोरडी खोली एकच, ती कापसाने अर्धी भरलेली. तिथेच सतरंज्या टाकल्या. ऊब मस्त मिळाली, पण सकाळी अर्धं वऱ्हाड अंग खाजवत मांडवात! फोटोंत नवरदेवाचा भाऊ प्रत्येक ठिकाणी मान खाजवतानाच दिसतो.

गावकरी अक्षता टाकून लगेच शेतात पळाले. वेचणीचा कापूस भिजलेला, त्यांना कोण थांबा म्हणणार?