जुन्या जिंटीची बॉडी नव्या चासीवर बसवायची आहे, आतून न कापता

नारायणपेठी

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. जरा लांबेल, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बाबांचं एक खेळण्यातलं रेल्वे इंजिन आहे. ट्राय-अँग या ब्रिटिश कंपनीची जिंटी, सहा चाकांचं टँक इंजिन, ओओ स्केल (खऱ्याच्या १:७६), बारा व्होल्टचं. बाबांचे मामा बोटीवर होते. त्यांनी १९५८ साली ते लंडनहून आणलं, तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते. तीन वर्षं ते नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या माजघरात गोल गोल फिरलं आणि १२ जुलै १९६१ला पानशेतच्या पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर आजी घमेल्याने गाळ उपसत होती, त्यात सापडलं. रूळ गेले, डबे गेले. इंजिन आणि दोन वॅगन राहिल्या.

चासी, म्हणजे मोटर आणि चाकांचा खालचा भाग, तेव्हापासून बंद. बॉडी बाबांनी धुतली आणि आतून, केबिनच्या छताला, कंपासपेटीतल्या करकटकाने तारीख कोरली: १२-७-६१. पुढे कॉलेजात असताना काळा रंग दिला आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या टाक्यांवर पिवळ्या रंगात, बारीक ब्रशने, ‘नारायण पेठ’ असं लिहिलं. नंबर नाही, रेल्वेचं नाव नाही, फक्त पेठ. मी लहान असताना ते इंजिन फडताळात असायचं. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली उघडलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. दर मे महिन्याच्या सुट्टीत बाबा न्यायचे. घरी आल्यावर फडताळातलं इंजिन काढून हाताने थोडं ढकलायचे आणि परत ठेवायचे. गेल्या वर्षी बाबा गेले.

आता मला ते रुळावर चालवायचं आहे. याच इंजिनाच्या अलीकडच्या आवृत्तीची चालू चासी मी सेकंडहँड घेतली. मोटर सुरेख चालते, अगदी हळूसुद्धा. पण बॉडी ठेवली की २.६ मिमी वर राहते (व्हर्नियरने मोजलं आहे). मोटरच्या वर एक हिरवं सर्किट आहे, ते मागे केबिनच्या छताला लागतंय असं वाटतं. बॉडीचे जुने स्क्रूही नव्या चासीच्या भोकांशी जुळत नाहीत. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, बॉडी आतून घासा, सगळे तेच करतात.

घासायची जागा म्हणजे नेमकी ती तारीख.

मी डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हँडपीस आणि बर (त्याची घासायची टोकं) रोज हातात असतात. दोन मिनिटांत घासून होईल, म्हणूनच भीती वाटते. बॉडीला हात न लावता बसवता येईल का? दुसरं म्हणजे, एकाने एचओ या दुसऱ्या स्केलची छोटी चासी घ्यायला सुचवलं, तीही रूळ १६.५ मिमीचेच वापरते म्हणून. ते बरोबर आहे का?

कर्जत_बँकर

ताई, आधी एक विनंती. जुनी चासी टाकून देऊ नका.

त्यात बहुधा एक्स-०४ मोटर असेल. तीन पोलचं आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग), उघडी, डोळ्यांनी सगळं दिसतं अशी. ती दुरुस्त करण्यासारखीच बनवलेली आहे. लोहचुंबक मात्र काढू नका. तो अल्निको या मिश्रधातूचा आहे, दोन्ही बाजूंना लोखंडी तुकडा न लावता बाहेर काढला की कमजोर होतो आणि मग इंजिन नुसतं गरम होतं, ओढत नाही. कम्युटेटरचे, म्हणजे ज्यावर ब्रश घासतात त्या कड्याचे, तीन भाग आहेत. मल्टिमीटरने दोन-दोन भागांमधला रेझिस्टन्स मोजा. तिन्ही वेळा जवळपास सारखा आला तर वाइंडिंग जिवंत आहे. भागांमधल्या खाचा टूथपिकने साफ करा, गाळ तिथेच बसलेला असणार. ब्रशच्या स्प्रिंगच्या एका टोकाला इन्सुलेशनची बारीक नळी असते, ती हरवू देऊ नका. चासी स्वतःच एका रुळाला जोडलेली असते, त्यामुळे ती नळी गेली की थेट शॉर्ट.

पुराचं पाणी आणि साठ वर्षांचा गंज, त्यामुळे नवी चासी लावायचा तुमचा निर्णय मला पटतो. पण जुनी तेलात बुडवून ठेवा. मी नोकरीभर कर्जत ते लोणावळा गाड्यांना मागून ढकलणारी इंजिनं पाहिली, १ ला ३७ चा चढ. बंद म्हणून बाजूला लावलेलं इंजिन परत घाटात चढलेलंही पाहिलं आहे.

कोथरूडचा_सांधेवाला

एचओचं आधी सांगतो. रूळ १६.५ मिमीचेच आहेत, पण स्केल वेगळं. ओओ १:७६, एचओ १:८७, म्हणजे ओओची बॉडी सातव्या हिश्श्याने मोठी. खऱ्या जिंटीच्या चाकांमधली अंतरं ८ फूट आणि ८ फूट ६ इंच आहेत. ओओत एका फुटाला ४ मिमी धरतात, म्हणजे ३२ आणि ३४. तुमच्या नव्या चासीवर मोजून बघा, तेच येईल. एचओची चासी या बॉडीखाली आखूड दिसेल आणि चाकंही लहान दिसतील. तुम्ही घेतलेली चासीच योग्य.

आता २.६ मिमीचं. हिरवी पट्टी म्हणजे डीसीसी डीकोडरचा सॉकेट, डिजिटल कंट्रोलसाठीचा. तुम्ही साध्या बारा व्होल्टवर चालवणार असाल तर तो लागतच नाही. चार वायरी दिसतील. लाल आणि काळी रुळावरून येतात, नारिंगी आणि करडी मोटरला जातात. सॉकेट काढायचा, लाल नारिंगीला, काळी करड्याला जोडायची, सांध्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवायची. ती तपकीर गल्लीत कोणत्याही दुकानात मिळेल. डीकोडरच्या जागी छोटी प्लग असेल तर ती हरवू नका, पुढे सॉकेट परत लावावासा वाटू शकतो.

उरलेली उंची नव्या चासीच्या वजनातून काढा. तो जस्ताच्या मिश्रधातूचा ठोकळा आहे, वरून मिलीमीटरभर कमी झाला तरी काही बिघडत नाही. तशी चासी उद्या परत मिळेल, बॉडी मिळणार नाही. घासण्याआधी मोटर आणि गिअर बाहेर काढा, कीस गिअरमध्ये गेला तर फार वेळ खातो.

योग्य उंची कशी ओळखायची? बफरवरून, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या-मागच्या गोल धक्क्यांवरून. बफरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून साधारण १४ मिमी यायला हवा. समोरून आणि मागून, दोन्हीकडे मोजा, नाहीतर इंजिन नाक खाली घालून चालतं.

नारायणपेठी

दोघांचेही मनापासून आभार. जुनी चासी मशीन ऑइलमध्ये घातली आहे. रेझिस्टन्सची तिन्ही वाचनं जवळपास सारखी आली! त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही.

सॉकेट काढला, वायरी जोडल्या. बॉडी १.७ मिमी खाली आली, अजून ०.९ वर आहे. नक्की कुठे अडते ते दिसत नव्हतं, म्हणून लॅबमधला आर्टिक्युलेटिंग पेपर वापरला. दातावर कॅप बसवताना कुठे उंच लागतंय ते बघायला आम्ही तो निळा कागद मध्ये ठेवतो. चासीवर ठेवला, बॉडी दाबली, उचलली. ठोकळ्याच्या मागच्या कडेला एक निळा ठिपका आणि मोटरच्या धारकाच्या एका कोपऱ्यावर दुसरा. बाकी कुठेच नाही. आता अंदाजाने कापायची गरज उरली नाही. ठिपक्यावर घासायचं, पुन्हा कागद, पुन्हा घासायचं. पाच वेळा केलं, बॉडी बसली. पुढचा बफर १३.९, मागचा १४.०.

आता स्क्रूचा प्रश्न. बॉडीच्या आतून लॅबमधलं कोल्ड क्युअर ॲक्रिलिक (पावडर आणि लिक्विड कालवलं की आपोआप घट्ट होणारं) भरून एक बैठक तयार करावी, त्यात नव्या चासीचा नट बसवावा, असं मनात आहे. बॉडीला आतून व्हॅसलीन लावीन म्हणजे चिकटणार नाही. उद्या करते.

कोथरूडचा_सांधेवाला

थांबा! उद्या करू नका.

तुमच्या ॲक्रिलिकचं लिक्विड मिथाइल मेथाक्रिलेट असतं. ही बॉडी पॉलिस्टायरीनची आहे, ते लिक्विड तिला विरघळवतं. व्हॅसलीनचा थर कुठेतरी पातळ राहणारच आणि तिथे बॉडी मऊ होऊन बाहेरचा रंगसुद्धा सुरकुतेल. शिवाय घट्ट होताना ॲक्रिलिक गरम होतं. बैठकीची कल्पना चांगली आहे, पण ती बॉडीच्या बाहेर बनवा.

झटपट गोंदही आत वापरू नका. त्याची वाफ बंद जागेत बसते आणि रंगावर पांढरी बुरशीसारखी छटा येते. माझी एक वॅगन अशीच गेली आहे.

कर्जत_बँकर

आणि वजन घालणार असाल तर तेही सांगून ठेवतो. प्लॅस्टिकची बॉडी हलकी, चाकं जागेवर फिरतील. टायरवाल्याकडे बॅलन्सिंगची चिकट वजनं मिळतात, ती टाक्यांमध्ये बसतात. वजनाचा मध्य मधल्या चाकावर यायला हवा. शिशाचे छर्रे असतील तर ते पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात कालवू नका. शिसं आणि तो गोंद यांची हळूहळू रासायनिक क्रिया होते, मिश्रण फुगतं आणि काही वर्षांनी बॉडी उकलते. अरल्डाइट घ्या.

नारायणपेठी

सांधेवालेदादा, तुमच्या ‘थांबा’मुळे बॉडी वाचली. लॅबमध्ये आम्ही ॲक्रिलिकवर ॲक्रिलिकच चढवतो, त्यामुळे लिक्विड दुसऱ्या प्लॅस्टिकला काय करेल हा विचारच आला नव्हता.

मग जे रोज करते तेच केलं. बॉडीच्या आतलं सिलिकॉन पुट्टीने माप घेतलं. पुट्टी बॉडीला चिकटत नाही, मऊ असतानाच बसते आणि रबरासारखी निघते. आधी एका कोपऱ्यात छोटा तुकडा लावून पाहिला, मगच पूर्ण घेतलं. त्यात डेंटल स्टोन (दगडासारखं घट्ट होणारं प्लॅस्टर) ओतला. तासाभराने मॉडेल बाहेर काढलं, तर माझ्या हातात गुलाबी दगडातली बॉडीची आतली बाजू होती आणि छतावर तारीख. पुट्टीत ती उलटी आणि उठावाची आली होती, दगडात पुन्हा सुलटी, कोरलेली. त्यातला ७ थोडा वाकडा आहे, करकटक तिथे घसरलं असणार. नऊ वर्षांच्या मुलाचं अक्षर. घरी इतकी वर्षं मी ती तारीख टॉर्च धरून, अर्धीमुर्धीच पाहिली होती.

दगडाला सेपरेटर (चिकटू न देणारं द्रव) लावून त्याच्यावर ॲक्रिलिकची बैठक केली. तारखेच्या जागेवर मेणाची पातळ चकती ठेवली होती, त्यामुळे तिथे बैठक छताला टेकत नाही. पुढे बॉडीच्या मूळ स्क्रूचं भोक तसंच वापरलं. बाबांचा गंजलेला स्क्रू साफ करून तोच लावला, जुन्या ब्रिटिश बीए आट्यांचा आहे, एम-मापाचा त्यात बसत नाही. मागे बैठकीत एम२चा नट पुरला, चासीचा स्क्रू त्याला खालून येतो. तो नट बोहरी आळीत तिसऱ्या दुकानात मिळाला. वजनं टाक्यांमध्ये, अरल्डाइटने बैठकीलाच चिकटवली, बॉडीला नाही. सगळं उघडलं तर बॉडी बाबांनी ठेवली होती तशीच हातात येते.

काल रात्री जेवणाच्या टेबलावर रूळ मांडले. आई समोर बसली होती. पहिल्या फेरीत पुढचा स्क्रू फार घट्ट झाल्यामुळे चासी किंचित वाकून मधलं चाक उचललं जात होतं. पाव फेरा सैल केला आणि इंजिन अगदी सावकाश, न अडखळता फिरलं. आईने टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि टाकीवरची अक्षरं वाचली.

आता दोन वॅगन राहिल्या. त्यांची कपलिंग (एकमेकांना जोडायचे हुक) जुनी, रुंद हुकाची आहेत आणि चासीची नवी, अरुंद. एकमेकांत अडकत नाहीत. वॅगनची बदलायची नाहीत, चासीचंच काही करता येईल का? पुढच्या बाजूचं कपलिंग तसंच ठेवून फक्त मागचं बदललं तरी मला चालेल.

कर्जत_बँकर

चालेल ताई. जुन्या चासीचं मागचं कपलिंग शाबूत आहे का बघा. असेल तर तेच काढून, पत्र्याच्या छोट्या पट्टीवर, नव्या चासीच्या मागच्या स्क्रूखाली धरा. उंची वॅगनच्या हुकाशी जुळवा. आणि जुनी चासी तेलातून काढाल तेव्हा फोटो टाका, चाकं हाताने फिरतात का ते मला बघायचं आहे.