परभणीची एम.एस्सी. (कृषी) करू की कॅनडाच्या पीआरची वाट बघू? सल्ला हवा आहे

नमस्कार. या फोरमवर बरेच महिने नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी औसा तालुक्यातली. लातूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. (कृषी) केलं. मागच्या वर्षी लग्न झालं, सासर सेलूचं. नवरा कॅनडात सास्काटूनला शेती-यंत्रांच्या वर्कशॉपात आहे, त्यांचा पीआर (तिथं कायमचं राहायची परवानगी) लग्नाआधीच झाला होता. त्यांनी मला स्पॉन्सर केलंय, म्हणजे बायको म्हणून माझ्याही पीआरचा अर्ज केलाय. फाईल ऑक्टोबरात गेली. पुण्याला जाऊन बायोमेट्रिक्स दिले. मेडिकलचं पत्र अजून आलेलं नाही.

रिकामं बसवेना म्हणून मी गुपचूप पीजीची सीईटी दिली. खरं सांगायचं तर नंबर लागेल असं वाटलं नव्हतं. लागला. वनस्पती रोगशास्त्र, आणि तेही परभणीला. फी भरायला आठ दिवस आहेत. त्यातले दोन घरात चर्चा करण्यात गेले.

आत्या (सासूबाई) म्हणतात, "शिकू दे की. घरी बसून माझं तोंड किती दिवस बघायली?" मामंजींचं म्हणणं, अर्ध्यात सोडून जायचं असेल तर पैसे कशाला घालायचे. हे फोनवर म्हणाले, "इकडं येऊनच कर. पीआर झाल्यावर इथल्या मुलांइतकीच फी लागते." माझे पप्पा तर वेगळ्याच रागात आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा बिनशुल्क यायला लागला तेव्हापासून कॅनडा म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. "तिकडचा वाटाणा इकडं तुरीचा भाव पाडतो, आणि माझी पोरगी तिकडं चालली." यावर मी काय बोलणार?

माझी अडचण अशी. कोर्स दोन वर्षांचा. पहिलं वर्ष कोर्सवर्क, ते कसंही निभेल. दुसऱ्या वर्षी प्लॉट, म्हणजे थिसिससाठी शेतातला प्रयोग. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, तूर एकदा पेरली की ती आपल्याला सोडत नाही. जूनच्या शेवटाला टोकली तर डिसेंबर-जानेवारीला निघते. प्रत्येक रेप्लिकेशनमध्ये (त्याच प्रयोगाच्या प्रत्येक तुकड्यात) रोगानं किती झाडं मेली ते ठरल्या दिवशी मोजावं लागतं. बरोबर ऑगस्टमध्ये पीआर आला तर मी शेंगा धरायच्या आधीच विमानात. गाईड काय म्हणेल आणि त्या प्लॉटचं काय होईल?

पण न करावं तर तेही सोसवेना. कुणाच्या साखरपुड्याला जा, बारशाला जा, पहिला प्रश्न "कधी जायलीस?" आणि दुसरा "मग आता काय करायलीस?" दुसऱ्याला माझ्याकडं उत्तर नाही. रोज सकाळी दात घासायच्या आधी पोर्टल उघडून बघते. तिथं काही बदललेलं नसतं. मग चहा.

एका एजंटनं असंही सांगितलं की इथं मास्टर्स केलं तर माझे पॉइंट वाढतील आणि पीआर लवकर होईल. हे खरं आहे का? आणि सरळ स्टुडंट म्हणूनच तिकडं निघून गेले तर? स्पॉन्सरशिपची फाईल चालू असताना स्टडी परमिट देतात का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

खारवलेली हवा
पॉइंट एक्स्प्रेस एंट्रीला असतात, म्हणजे शिक्षण-अनुभवावरून पीआर देतात त्या वेगळ्या वाटेला. तुमची फाईल जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपची आहे. तिथं शिक्षणाला शून्य किंमत. दहावी असा नाहीतर पीएच.डी., मुख्य म्हणजे लग्न खरं आहे का ते बघतात. त्या एजंटला पैसे दिले नसतील अशी आशा.

बांधावरचा
ताई, राग मानू नका. परभणीच्या त्या जागेसाठी माझा भाचा दोन वर्षं झटतोय, औंदा पण राहिला. तुम्ही वर्षभरानं सोडून जाणार हे आत्ताच माहीत असताना जागा अडवायची का? मधेच सुटलेली जागा दुसऱ्याला मिळत नाही, ती वायाच जाते. बाकी तुमची मर्जी.

सास्काटूनची थंडी
मी मूळची जालन्याची, सात वर्षं झाली इथं. एकेक सांगते.

स्टुडंट म्हणून येता येतं. पीआरची फाईल चालू आहे एवढ्यावरून परमिट नाकारत नाहीत, 'दुहेरी हेतू' त्यांच्या कायद्यातच मान्य आहे. तरी परत जाल याची ऑफिसरला खात्री पटवावी लागते ती लागतेच. पण खर्च बघा. फी परदेशी विद्यार्थ्याची. वर १ सप्टेंबर २०२५ पासून एका माणसाच्या राहण्या-खाण्याचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, ते फीशिवाय. जो पीआर वाटेतच आहे त्याच्यासाठी इतका पैसा मी तरी घातला नसता. यजमान बरोबर सांगतायत.

पण त्यांनी अर्धंच सांगितलं. इथल्या विद्यापीठात शेतीची थिसिसवाली एम.एस्सी. करायची तर आधी गाईड पटवावा लागतो. प्राध्यापकाला ईमेल करायचा, त्यानं हो म्हटलं तर पुढचं. बहुतेकांना त्याच्या प्रोजेक्टमधून स्टायपेंडही मिळतो. आता तो प्राध्यापक बी.एस्सी. करून दोन वर्षं घरी बसलेल्या मुलीचं ईमेल उघडेल, की मर रोगावर (बुरशीनं झाड वाळतं तो) स्वतः काम केलेल्या मुलीचं? सस्कॅचवानमध्ये, म्हणजे आमच्या या प्रांतात, मसूर आणि वाटाण्याला ॲफॅनोमायसेस नावाची मूळकुज लागते, आणि ती एकदा शेतात शिरली की ६ ते ८ वर्षं त्या रानात मसूर-वाटाणा घेऊ नका म्हणतात. इथल्या शेतकऱ्यांची झोप उडवणारा विषय आहे हा. कडधान्याच्या मुळांचे रोग तुम्ही परभणीला शिकलात तर ते इथं उपयोगाला येईल. आणि पप्पांना सांगा, ज्या वाटाण्यावर त्यांचा राग आहे त्याची मुळंही सडतायत.

कुंडीतली तूर
वनस्पती रोगशास्त्रातच परभणीला एम.एस्सी. केलंय, म्हणून बोलते. प्लॉटची एवढी धास्ती घेऊ नका. सगळ्यांना प्लॉट घ्यावाच लागतो असं कुठंय? आमच्या बॅचला निम्म्या लोकांचं काम लॅबमध्येच होतं. रोगट झाडं गोळा करा, बुरशी वेगळी करा, मग माध्यमात बुरशीनाशक मिसळून कुठल्या प्रमाणाला तिची वाढ थांबते ते बघा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) समोर लावा. सोबत कुंड्यांमधला प्रयोग. कुंडीतल्या रोपांना मर लागायला सहा महिने लागत नाहीत, काही आठवड्यांत कळतं. फसलं तर पुन्हा लावता येतं. शेतातली तूर फसली की वर्ष गेलं.

शेतावरच करायचं असेल तर खरीप सोडा, हरभरा घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरला की फेब्रुवारी-मार्चला मोकळ्या. मर त्यालाही लागते.

पण एक करा, गाईडला पहिल्याच दिवशी खरं सांगा. लपवून घेतलेला विषय पुढं नडतो. आमच्या वेळी एकीनं लग्न ठरल्याचं सांगितलं नव्हतं. ऐन रीडिंगच्या आठवड्यात गेली आणि तिची कल्चर आम्हाला सांभाळावी लागली. फ्रीज बंद पडला तो वेगळाच किस्सा.

बांधावरचा
लॅबचं आणि हरभऱ्याचं बरोबर आहे. पूर्ण करणार असाल तर माझी हरकत नाही. मी सोडून जाण्याबद्दल बोललो.

रेणापूर नाका
माझी फाईल चालू होती तेव्हा मी वाट बघितली. १४ महिने. आज-उद्या येईल म्हणून नोकरी धरली नाही, क्लास लावला नाही, दिवाळीला नवीन पडदे घेतले नाहीत. एवढंच सांगते.

आणि एक, हे तुम्हाला कुणी सांगत नाही म्हणून. पूर्वी असा नियम होता की जोडीदारामार्फत आलेल्यांनी पहिली दोन वर्षं सोबत राहिलंच पाहिजे, नाहीतर पीआर जाऊ शकतो. एप्रिल २०१७ मध्ये तो काढला. तुमचा पीआर तुमचाच असतो. शिकायला दुसऱ्या गावी राहिलात म्हणून तो जात नाही. सासरी कुणी भीती घातली तर माहीत असू द्या.

औसेकरीण (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. बांधावरचा, राग नाही. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही हे मात्र खरं. मी सोडून जायच्या हिशेबानं ॲडमिशन घेत नाहीये, पूर्ण करता येईल का हेच विचारतेय.

म्हणूनच एक विचारायचं राहिलं. समजा पीआर दुसऱ्या वर्षात आला. लगेच जावंच लागतं का? की इथलं उरकून गेलं तर चालतं?

सास्काटूनची थंडी
पीआर आला म्हणजे दुसऱ्या दिवशी विमान असं नसतं. मेडिकल १२ महिने चालतं, आणि कुठल्या तारखेच्या आत इथं पाय ठेवायचा ते साधारण त्यावरूनच ठरतं. ती तारीख मात्र चुकवू नका, सहसा वाढवून देत नाहीत. म्हणून मेडिकलचं पत्र आलं की तो दिवस वहीत लिहा, तिथून मोजायला लागा. पत्र आल्यावर ३० दिवसांत मेडिकल करायचं असतं, मुद्दाम लांबवू नका.

तारखेच्या आत येऊन लगेच परत गेलात तरी चालतं. लोक याला सॉफ्ट लँडिंग म्हणतात. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात भरावे लागतात, सलगच हवेत असं नाही. तेव्हा व्हायवासाठी चार-सहा महिने परभणीला राहिलात तर काही बिघडत नाही.

पण इथं एक खड्डा आहे, माझी नणंद त्यात पडली होती. पीआर कार्ड टपालानं येतं आणि फक्त कॅनडातल्या पत्त्यावर येतं. ते हातात पडायच्या आत परत गेलात, तर येताना विमानात बसू देत नाहीत. मग तिकडून पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढावं लागतं. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो. कार्ड येईपर्यंत थांबता येईल अशा बेतानं या, किंवा त्या कागदासाठी वेळ धरून चाला.

हॉस्टेलला गेलात की पत्ता बदलल्याचं फाईलमध्येही कळवा. सेलूच्या पत्त्यावर काही आलं आणि तुम्ही परभणीला, असं नको.

खारवलेली हवा
पासपोर्टची मूळ प्रत कॉलेजात जमा करू नका. काही ठिकाणी ओळखपत्र म्हणून सगळी मूळ कागदं मागतात आणि मग कपाटात कोंडतात. मार्कशीट द्या, टीसी द्या. पासपोर्ट स्वतःजवळ. पीआरचं शेवटचं पत्र आलं की तो लगेच लागतो.

औसेकरीण
काल परभणीला जाऊन आले. आत्या सोबत होत्या, त्यांनी शनिवार बाजारातून हळद आणायची आहे असं घरी सांगितलं होतं. विभागात एका मॅडमना भेटले. सगळं सांगितलं, फाईल, सास्काटून, तारीख माहीत नाही हे पण. त्या थोडा वेळ गप्पच होत्या. मग विचारलं, "पहिल्या दोन सेमिस्टरला सुट्टी मागणार नाहीस ना?" म्हटलं नाही. "मग हरभऱ्याची मर घे. लॅब आणि कुंड्या, दोन्ही. काम सप्टेंबरपासूनच चालू करायचं, दुसऱ्या वर्षाची वाट बघायची नाही."

यांना रात्री फोनवर सांगितलं. आधी नाराज झाले, कारण त्यांनी दोन बेडरूमचं घर बघून ठेवलंय. मूळकुजेचं वाचून दाखवल्यावर म्हणाले, त्यांच्या वर्कशॉपात कम्बाइन घेऊन येणारा एक म्हातारा शेतकरी पण त्याच आजारावरून शिव्या देत असतो. त्याला विचारून सांगतो म्हणाले. आता कोण कुणाला काय विचारणार देव जाणे, यांचं इंग्रजी यंत्रांपुरतं आहे.

मामंजींनी फीचे पैसे काढून दिले. काही बोलले नाहीत, फक्त पावती जपून ठेव म्हणाले.

सोमवारी भरते. हॉस्टेल मिळेल असं वाटत नाही, लग्न झालेल्या मुलींना शेवटी देतात असं कळलं. सेलूहून रोजच्या रेल्वेनं जमेल का? सकाळी दहाच्या लेक्चरला वेळेवर पोहोचवणारी गाडी कुठली, आणि पावसाळ्यात ती खरंच वेळेवर असते का? जाणारं-येणारं कुणी असेल तर सांगा. मासिक पासचं पण.