पिंगच्या बॉक्समध्ये सेमीकोलन टाकला आणि राउटरने 'रूट' दाखवलं, आता काय करू?

भांडुपकर:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. भांडुप पश्चिमेला आमची चार मजली जुनी सोसायटी, ऑफिसात एक राउटर, त्यावर मॅनेजरचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर. कमिटीत कॉम्प्युटरचं थोडंफार मलाच कळतं म्हणून हे सगळं माझ्याकडे. गेल्या आठवड्यात पावसात नेट सारखं जात होतं, केबलवाला फोनवर म्हणाला की साहेब राउटरच्या पेजवर जा, डायग्नॉस्टिक्समध्ये पिंग मारून सांगा काय येतंय. तिथे एक बॉक्स असतो बघा, पत्ता टाकायचा आणि स्टार्ट दाबायचं, त्या पत्त्यापर्यंत नेट पोहोचतंय का ते कळतं.

पिंग झालं, पण मला आठवलं की अशा बॉक्समध्ये पत्त्यापुढे सेमीकोलन देऊन दुसरी कमांड टाकली तर काही राउटर तीही चालवतात. म्हणून ८.८.८.८ पुढे सेमीकोलन आणि 'आयडी' (कोणत्या युजरच्या नावाने चालतंय ते सांगणारी कमांड) असं टाकलं. लगेच 'पत्ता चुकीचा आहे' असा मेसेज आला, पण पेज हललंसुद्धा नाही, म्हणजे तपासणी माझ्या ब्राउझरमध्येच होत होती. डेव्हलपर टूल्स उघडून ती तपासणी काढली आणि परत पाठवलं. पिंगच्या चार ओळी आल्या, खाली किती पॅकेट गेले किती आले तो हिशोब आला आणि त्याच्याखाली 'यूआयडी=०(रूट)', म्हणजे माझी कमांड राउटरच्या सगळ्यात वरच्या अधिकाराने चालली. खरं सांगतो, पोटात गोळा आला. पेज बंद केलं, पुढे काहीही केलेलं नाही. राउटर सोसायटीच्या पैशाने घेतलेला आहे, बिल आहे, म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूत हात घातलेला नाही.

पेज उघडायला ॲडमिन पासवर्ड लागतो आणि तो मी पहिल्याच दिवशी बदललाय. मग हे कितपत गंभीर? आणि एवढी साधी चूक बनवणाऱ्यांकडून राहते कशी? सेक्रेटरी काका म्हणतात नेट चालतंय ना, मग कशाला हात लावतोस.

दादरचा_सँडी:
पासवर्ड बदललाय ना मग एवढं टेन्शन नको घेऊ. जो आत आलाय तो तसाही ॲडमिन आहे, वायफायचा पासवर्ड बदलेल, नेट बंद करेल, त्याला रूट मिळालं म्हणून असं काय जास्तीचं होणार? फर्मवेअरचं (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट असेल तर मार आणि सोडून दे.

मेघा_एम:
सँडी, हे मला अजिबात पटत नाही. मी नऊ वर्षं अशाच डब्यांचं फर्मवेअर लिहिते म्हणून सविस्तर लिहिते.

ॲडमिन पेजवरून तुम्ही कंपनीने दिलेली बटणंच दाबू शकता. रूटचं शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) हातात आलं की बाहेरून प्रोग्राम आणून चालवता येतो, सगळ्यांचं डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय) गुपचूप फिरवता येतं, जाणारं-येणारं ट्रॅफिक बघता येतं, आणि तिथूनच त्या डीव्हीआरवर उडी मारता येते. यातलं बरंचसं पेजवर दिसणारच नाही. मालकाला सगळ्यात शेवटी कळतं.

आता चूक राहते कशी. आतमध्ये छोटं लिनक्स असतं, बिझीबॉक्स (छोट्या कमांडचा संच) असतो, आणि पेज देणारा एक बारीकसा वेब सर्व्हर. पिंगचं पेज लिहिणारा काय करतो, 'पिंग -सी ४' एवढा मजकूर घेतो, त्याला तुमच्या बॉक्समधला मजकूर जोडतो आणि ती अख्खी ओळ 'सिस्टम' या फंक्शनला देऊन टाकतो. ते फंक्शन ओळ शेलकडे देतं आणि शेलच्या भाषेत सेमीकोलन म्हणजे एक कमांड संपली, आता पुढची घे. शेल बिचारं त्याचं काम बरोबर करतंय, आपणच त्याला परक्याचा मजकूर आपला म्हणून दिला. वर वेब सर्व्हर रूट म्हणून चालतो, कारण त्याला फायरवॉलपासून वायफायपर्यंत सगळं बदलायचं असतं आणि वेगळा युजर बनवायचे कष्ट कोणी घेत नाही. म्हणून तुला शून्य दिसलं.

मग कोणीतरी तक्रार करतं आणि दुरुस्ती म्हणून काय होतं, तर सेमीकोलन गाळून टाकतात. पण पाइप आहे, अँपरसँड आहे, बॅकटिक आहे, डॉलर आणि कंस आहे, नवी ओळ आहे, किती गाळणार? मी स्वतः असे पॅच बघितलेत की एक चिन्ह बंद केलं आणि पुढच्या व्हर्जनमध्ये दुसऱ्या चिन्हाने तेच भोक. खरा उपाय म्हणजे शेल मधे आणायचंच नाही. 'एक्झेकव्हीई' या फंक्शनला प्रोग्रामचं नाव वेगळं आणि पत्ता वेगळा द्यायचा, म्हणजे सेमीकोलन आला तरी तो पत्त्यातलं एक अक्षर म्हणूनच जातो आणि पिंग म्हणतं असा पत्ता नाही. त्याआधी पत्ता खरंच आयपी आहे का ते राउटरमध्ये तपासायचं, ब्राउझरमध्ये नाही. आणि मजकूर हायफनने सुरू होत असेल तर तोही नाकारायचा, नाहीतर पिंग त्याला स्वतःचा ऑप्शन समजतं. दहा-पंधरा ओळींचं काम आहे हो. राग येतो तो यासाठी, कारण ही चूक आम्हा सगळ्यांना माहीत आहे, सॉफ्टवेअरच्या चुकांच्या यादीत हिला सीडब्ल्यूई-७८ असा नंबरसुद्धा आहे, आणि तरी जुन्या एसडीकेमधला (चिपसोबत मिळणाऱ्या तयार संचातला) कोड उचलून नव्या डब्यात टाकला जातो.

आता पासवर्डचं. २०१८ मध्ये जीपीऑन (फायबरच्या) राउटरचं प्रकरण झालं, ते जवळजवळ तुझंच आहे. पेजच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, 'इमेजेस' आणि स्लॅश एवढं जोडलं की लॉगिन न करता पेज उघडायचं, आणि आत पिंगच्या बॉक्समध्ये हेच भोक. दोन वेगळे दोष, एकाला एक जोडले की कुलूप गेलं. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ मध्ये तर लॉगिनचा प्रश्नच नव्हता, देश निवडायच्या सेटिंगमधून कमांड जायची, त्या भोकाचा जाहीर नोंद नंबर सीव्हीई-२०२३-१३८९. डिसेंबर २०२२ मध्ये टोरांटोच्या पोन२ओन या हॅकिंग स्पर्धेत ते भोक दाखवलं गेलं, मार्च २०२३ मध्ये पॅच आला आणि एप्रिलमध्ये मिराय बॉटनेटवाले (बाधित डब्यांची फौज चालवणारे) ते वापरायला लागलेसुद्धा. ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांना महिनासुद्धा मिळाला नाही.

आणि तू आत लॉगिन असताना शेजारच्या टॅबमध्ये भलतं पेज उघडलंस तर ते पेज तुझ्याच ब्राउझरकडून राउटरला रिक्वेस्ट पाठवू शकतं. बरेच जुने राउटर ती कुठून आली ते बघतच नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये नेटगिअरच्या काही मॉडेलमध्ये नुसती एक लिंक उघडली तरी कमांड चालायची, तेव्हा अमेरिकेच्या सर्ट/सीसी या सायबर सुरक्षा संस्थेने सरळ सांगितलं होतं की दुरुस्ती येईपर्यंत जमल्यास हे राउटर वापरू नका.

केबललाइन_मुलुंड:
मॅडमनी सगळं बरोबर लिहिलंय, मी फक्त आमच्या बाजूचं सांगतो, १२ वर्षं या लाइनमध्ये आहे, गच्चीवर चढून फायबर ओढणारे आम्हीच. भांडुपकर, आधी रिमोट मॅनेजमेंट चालू आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी आमचीच पोरं चालू ठेवतात, कारण दर वेळी पावसात चौथ्या मजल्यावर जायला नको, ऑफिसातून बसून सेटिंग करता येते. सोय आहे हे खरं, पण तेच दार सगळ्यांना उघडं राहतं. मी आमच्याकडे बंद करायला लावलं, दोन महिने पोरांनी शिव्या घातल्या.

दुसरं, राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (अनेक कस्टमरना मिळून बाहेरचा एकच पत्ता) मागे आहात, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून कोणी थेट तुमच्यापर्यंत येत नाही. पण त्यावर निर्धास्त होऊ नका, त्याच केबलवाल्याच्या नेटवर्कमधला दुसरा कस्टमर येऊ शकतो, कारण सगळेच ऑपरेटर कस्टमरना एकमेकांपासून तोडून ठेवत नाहीत. शेजारच्या बिल्डिंगमधला एक राउटर बाधित झाला की तो आधी आजूबाजूचे पत्तेच चाचपतो, हे मी लॉगमध्ये स्वतः बघितलंय.

तिसरं, पोर्ट ७५४७. त्यावरून ऑपरेटर राउटर सांभाळतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट गेलं होतं, कारण बॉटनेट त्या पोर्टवर धडका मारत होतं, वेळेच्या सर्व्हरचं नाव टाकायच्या जागी कमांड घुसवायची युक्ती होती. त्यांच्या राउटरमध्ये कमांड चाललीच नाही, नुसत्या धडकांनी ते बसले. तुमच्या ऑपरेटरला विचारा की ते पोर्ट फक्त त्याच्याच सर्व्हरला उघडं आहे ना. नीट उत्तर दिलं नाही तर समजून जा.

आणि डीव्हीआर विसरू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत असंच भोक निघालं होतं, तेही विनापासवर्ड. सोसायट्यांमध्ये कॅमेरे लावून गेल्यावर परत फर्मवेअर बघायला कोणी येत नाही.

भांडुपकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफिसात जाऊन बघितलं. रिमोट मॅनेजमेंट चालू होतं, मी कधीच चालू केलेलं नाही. बंद केलं. वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो. कंपनीच्या साइटवर शेवटचं फर्मवेअर २०१९ चं आहे आणि तेच आत आहे. एक शंका, राउटर आधीच बाधित असेल तर कळणार कसं? आणि कंपनीला कळवलं तर उलट माझ्यावरच केस नाही ना करणार?

मेघा_एम:
मिरायसारखे प्रकार बहुतेक वेळा फक्त मेमरीत राहतात, रीबूट केलं की जातात, पण भोक उघडं असेल तर काही मिनिटांत परत येऊ शकतात. म्हणून आधी वॅनची केबल काढ, मग रीबूट कर, डीएनएस कुठला आहे ते बघ, पासवर्ड बदल, मग केबल लाव. पण २०१९ नंतर अपडेट नाही म्हणजे तो राउटर संपला असंच धर. एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंकच्या जुन्या नॅसमध्ये (नेटवर्कवरच्या स्टोरेज डब्यात) असंच भोक निघालं तेव्हा कंपनीने पॅच देणार नाही, बदलून टाका असंच सांगितलं. तुझ्या राउटरलाही नवीन काही येईल असं मला वाटत नाही.

कळवायला घाबरू नकोस. आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ हे मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या गोष्टींसाठी आहे, इथे राउटर सोसायटीचा आणि तू कमिटीत, फक्त अध्यक्षांकडून दोन ओळी लिहून घे म्हणजे कागद राहील. मात्र तोच प्रयोग शेजारच्या सोसायटीच्या राउटरवर चुकूनही करू नकोस. कंपनीला मेल कर, मॉडेल, फर्मवेअर व्हर्जन आणि आयडीपर्यंतच्या स्टेप्स, बास. त्याची प्रत सर्ट-इनला (भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) पाठव, ते स्वतः सीव्हीई नंबर देऊ शकतात. मॉडेलचं नाव इथे लिहू नकोस अजून, लोकांच्या घरात तो चालू आहे.

दादरचा_सँडी:
मेघाताई, मान्य, मी फारच हलक्यात घेतलं होतं. रात्री घरचा बघितला, माझ्याकडेही रिमोट चालूच होतं. बंद केलं.

भांडुपकर:
अपडेट देतो. रविवारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ती ओळ लॅपटॉपवर दाखवली, केबल काढून. सेक्रेटरी काकांनी विचारलं म्हणजे आपले कॅमेरे कोणीही बघू शकतं का, मी म्हटलं शक्यता आहे, त्यावर पाच मिनिटांत खर्च मंजूर. लॅमिंग्टन रोडवरून नवीन राउटर आणला, दुकानदाराला आधी विचारलं अपडेट किती वर्षं येणार, त्याला सांगता येईना, मग कंपनीच्या साइटवर शेवटच्या अपडेटची तारीख बघूनच घेतला. डीव्हीआर वेगळ्या नेटवर्कवर टाकला. कंपनी आणि सर्ट-इन दोघांना मेल गेलाय. केबलवाला ७५४७ बद्दल विचारून सांगतो म्हणालाय, उद्या परत फोन करतो त्याला.