मदत हवी आहे: डांगी गोऱ्ह्याच्या अंगाचं तेल गेलंय, प्रदर्शनाला पाच आठवडे उरलेत

घोटीची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. माझं माहेर घोटीजवळ, सासर नाशिकरोडला. नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून दोन महिने इकडेच आहे आणि गोठा सध्या माझ्याकडे आहे. दोन म्हशी, एक गाय आणि पाखऱ्या. पाखऱ्या म्हणजे आमचा डांगी जातीचा गोऱ्हा, दोन दाती (दोन पक्के दात आलेला), काळाबांडा. खांद्यापासून पाठीपर्यंत काळा, पोटाला आणि मांड्यांना पांढरा. नाना त्याला यंदा प्रदर्शनात उतरवणार आहेत. वासरू असल्यापासून त्यांच्या डोक्यात तेच आहे. आता ते ओट्यावर बसून बघतात आणि काम मी करते.

झालं असं. गोठ्यात कोबा आहे. पाखऱ्या रात्री बसला की मांडीचा पांढरा भाग शेणामुतानं पिवळा पडतो. साध्या पाण्यानं ते डाग निघेनात. परदेशातल्या प्रदर्शनांचे व्हिडिओ पाहिले, तिथे जनावरं रोज शॅम्पूनं धुतात, मोठ्या ब्लोअरनं वाळवतात. मी आधी कपड्यांची पावडर वापरली, मग कुत्र्याचा शॅम्पू आणला. तीन आठवडे रोज सगळं अंग धुतलं. नाना म्हणत होते, "पोरी, पाण्यानं धू, बाकी काय नको." मला वाटलं, जुनी माणसं असंच म्हणतात.

पहिले चार दिवस पांढरं असं उठून दिसलं की मी फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकले. आता वशिंडामागे कोंडा सुटलाय. पूर्वी काळ्या भागावरून हात फिरवला की तळहाताला पिवळसर मेणचट काहीतरी लागायचं, आता सुंभाच्या खाटेवर हात फिरवल्यासारखं लागतं. बरगड्यांवरचा काळा रंग तांबूस दिसतो. गोऱ्हा खांबाला अंग घासत राहतो आणि माश्याही जास्त बसतात.

खरं कळलं ते परवाच्या पावसात. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यात डांगी जनावर दिवसभर चरतं आणि संध्याकाळी अंग झटकून कोरडं होतं, हे लहानपणापासून पाहिलंय. परवा अवकाळी सर आली तेव्हा तो अंगणात बांधलेला होता. मी जाईपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. पाण्याचे थेंब घरंगळत नव्हते, केसांत मुरत होते. मानेवरचे केस चिकटून झुपके झाले होते आणि खाली कातडी दिसत होती. तो थरथरत होता. नाना ओट्यावरून एवढंच म्हणाले, "त्याचं तेल गेलं."

तेव्हापासून नीट झोप नाही. साबण त्याच दिवशी बंद केला. आता विचारायचंय ते असं, की हे तेल पाच आठवड्यांत परत येतं का? घरी खुरासणीचं घाण्याचं तेल आहे, ते अंगाला चोळलं तर चालेल की ती पंचांची फसवणूक होईल? साबणाशिवाय पांढऱ्या भागावरचे डाग कसे काढायचे? आणि तांबूस झालेला काळा रंग परत येतो का?

खाणं सांगते: भाताचा पेंढा, थोडं हिरवं गवत, सकाळ-संध्याकाळ सरकी पेंड. खनिज मिश्रण नाही. जंताचं औषध पावसाळ्याआधी दिलं होतं. लम्पी या कातडीच्या रोगाची लस झाली आहे, कानात बारा अंकी बिल्ला आहे.

राजूरचा_डांगीवाला

ताई, तेल परत येतं. ते कातडीतून सुटतं, कातडी शाबूत आहे तोवर येत राहणार. तुम्ही वरचं धुऊन टाकलं, आतला झरा आटलेला नाही. पाच आठवडे पुरेसे आहेत, पण आजपासून साबण, पावडर, शॅम्पू काही नाही. आठवड्यातून एकदा साधं पाणी, तेही ऊन असेल तर.

आता रोजचं काम. सकाळी अंग कोरडं असताना भाताच्या पेंढ्याची मूठ घ्या, मधोमध दुमडून घट्ट वळा आणि तळहातात मावेल एवढा बोळा करा. मानेपासून मागे, केस जिकडे वळतात तिकडेच रगडा. जोर मनगटाचा नको, खांद्याचा हवा, पोटाखाली मात्र हलका हात. एका बाजूला पंधरा मिनिटं तरी. बोळा मऊ पडला की टाका, नवा वळा. पहिले आठ दिवस कोंडाच निघेल, घाबरू नका. नंतर बोळा काळपट तेलकट व्हायला लागला की समजा काम सुरू झालं. रगडण्यानं कातडीत रक्त खेळतं आणि सुटलेलं तेल केसांच्या टोकापर्यंत पसरतं. शेवटी घोंगडीच्या तुकड्यानं पुसून घ्या, चमक घोंगडीच आणते. लोखंडी खरारा (अंग घासायचा दातेरी ब्रश) आत्ता वापरू नका, कोरड्या कातडीला ओरखडे पडतील. नारळाच्या काथ्याचा चालेल.

खुरासणीचं तेल अंगाला लावू नका. फसवणूक तर आहेच, शिवाय तेल धूळ धरतं. मैदानात हजार जनावरांच्या पायांची धूळ उडते, दोन तासांत गोऱ्हा मातकट होतो. पंच तळहात फिरवून नाकाशी नेतात, मी स्वतः पाहिलंय. शिंगांना फडक्यानं पुसटसं लावा, तेवढं पुरे. खुरांना रंग किंवा पॉलिश अजिबात नको. डांगीचं खूर काळं आणि टणक असतं, ते पंचांना जसंच्या तसं दिसू द्या.

सह्याद्री_पशुवैद्य

वरचा सल्ला योग्य आहे. माझ्याकडून दोन-तीन गोष्टी.

खांबाला अंग घासतोय म्हणजे आधी गोचीड आणि उवा बघा. शेपटीखाली, कानाच्या आत, मांडीच्या सांध्यात आणि गळ्याच्या पोळीच्या घड्यांत बोटांनी चाचपा. मग कोंड्याकडे नीट बघा. गोल, राखाडी, खपलीसारखे, केस गेलेले चट्टे असतील तर ते गजकर्ण असू शकतं. ते माणसालाही लागतं. तसं असेल तर हातमोजे घाला, त्याचा बोळा आणि दावं दुसऱ्या जनावराला वापरू नका, डॉक्टरांना दाखवा आणि बरं होईपर्यंत प्रदर्शनाचा विचार सोडा.

तांबूस रंगाचं कारण ऊन असू शकतं, तांब्याची कमतरताही असू शकते. नुसत्या पेंढ्यावर आणि सरकीवर असलेल्या जनावरात खनिजं कमी पडतात. खनिज मिश्रण सुरू करा, मात्रा पाकिटावर वजनाप्रमाणे दिलेली असते तेवढीच. तांब्याचं औषध स्वतःच्या मनानं देऊ नका, जास्त झालं तर विषबाधा होते. आणि जे केस तांबूस झालेत ते काळे होणार नाहीत. नवे केस काळे येतील, त्याला पाच आठवडे अपुरे पडू शकतात. हे आधीच सांगून ठेवतो.

घरी खुरासणी आहे तर तिची पेंड सरकीबरोबर द्या, मूठभरापासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. जंताचं औषध पुन्हा द्यायची वेळ झाली आहे. लम्पीच्या लसीची नोंद बिल्ल्याच्या नंबरावर आहे ना, तेही दवाखान्यात तपासून घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यभर बाजार आणि प्रदर्शनं बंद करावी लागली होती, तेव्हापासून आम्ही याबाबतीत कडक आहोत.

घोटीची_माहेरवाशीण

डॉक्टर, गोल चट्टे नाहीत. दोन्ही बाजू बॅटरीच्या उजेडात बघितल्या. गोचीड मात्र निघाले, शेपटीखाली सात आणि डाव्या कानात तीन. डाग कसे काढू ते कुणीतरी सांगा ना. नाना म्हणतात डाग राहू दे, पण पांढरं पिवळं दिसलं की मलाच बरं वाटत नाही.

विस्कॉन्सिनहून_अण्णा

मी मूळचा निफाडचा, इथे डेअरीवर काम करतो. मॅडिसनला दरवर्षी वर्ल्ड डेअरी एक्स्पो भरतो, तिथे गाई तयार करायला मदत केली आहे. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ चुकीचे नाहीत, ती जनावरंच वेगळी. होल्स्टीन या दुधाळ जातीचे केस मशिननं अंगाबरोबर कापतात, फक्त पाठीच्या कण्यावरचे ठेवतात आणि स्प्रे मारून उभे करतात म्हणजे पाठ सरळ दिसते. मांसाच्या जातींमध्ये उलटं, तिथे लांब दाट केस हवे असतात. त्यासाठी जनावरं पंख्याखाली गार खोलीत ठेवतात, रोज भिजवून ब्लोअरनं केस पुढच्या दिशेला वाळवतात आणि पायांवरचे केस चिकट फवाऱ्यानं ताठ करतात. डांगीचे केस आखूड, अंगासरशी बसलेले. तिथे ब्लोअरला काम नाही. हेअर ड्रायर वापरत असाल तर तोही ठेवून द्या.

राजूरचा_डांगीवाला

डागांचं राहिलं होतं. डाग धुण्यापेक्षा पडू न देणं सोपं. कोब्यावर रात्री वीतभर पेंढा पसरा, ओला भाग पहाटे काढा. ताजा डाग लगेच कोमट पाण्याच्या फडक्यानं निघतो, वाळला की बसतो. बसलेल्या डागाला रिठे रात्रभर भिजवून त्याचं पाणी, फक्त डागापुरतं, चार दिवसांतून एकदा, आणि लगेच साध्या पाण्यानं धुवायचं. काळ्या भागाला रिठाही नको. शेपटीच्या गोंड्यात शेणाच्या गाठी असतील तर ओढू नका, बादलीत गोंडा बुडवून ठेवा आणि बोटांनी सोडवा. आमच्या म्हाताऱ्यानं एकदा घाईत ओढून अर्धा गोंडा हातात घेतला होता. तो वर्षभर पुन्हा भरला नाही.

घोटीची_माहेरवाशीण

सोळा दिवस झाले, म्हणून सांगायला आले.

पेंढा पसरायला लागल्यापासून नवे डाग जवळजवळ नाहीत. मांडीवरचा एक जुना राहिलाय, तो फिकट झालाय. दवाखान्यातून गोचिडांचं आणि जंताचं औषध आणलं, खनिज मिश्रण सुरू आहे. खांबाला घासणं थांबलं. बरगड्यांवर तांबूसपणा आहे तसाच आहे, डॉक्टर म्हणाले होते तसं.

बोळा रोज वळते. पहिल्या दिवशी माझा बोळा तीनदा सुटला, मग नानांनी ओट्यावरूनच वळून दिला. आता रोज चार बोळे तेच करून ठेवतात. नवव्या दिवशी बोळ्याच्या आतल्या काड्या काळपट चिकट दिसल्या. मी पळत जाऊन नानांच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला, काही बोलले नाहीत, दुसरा वळायला घेतला.

काल दुपारी पाखऱ्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. वशिंडाच्या पुढे थेंब गोल होऊन घरंगळले. वशिंडामागे, जिथे कोंडा होता, तिथे अजून मुरतंय, म्हणून तिकडे रगडायला पाच मिनिटं वाढवली आहेत.

आता एक शेवटचं विचारते. तीन आठवड्यांच्या आत टेम्पोनं न्यायचं आहे. टेम्पोत खाली पेंढा टाकू की उसाची पाचट? पाचटीचे काठ मांडीला कापतात का? आणि बाजूच्या लोखंडी पट्ट्यांना अंग घासू नये म्हणून गोणपाट बांधलं तर पुरेल का, राजूरचे दादा?

राजूरचा_डांगीवाला

पेंढाच टाका, पाचट कापते. गोणपाट दुहेरी बांधा, आणि कोपऱ्यांना घोंगडी. तोंड गाडी जाते त्या दिशेला ठेवा आणि मोरकी आखूड बांधा. मैदानात उतरवल्यावर तासभर तसाच उभा राहू द्या, मग बोळा. मीही येतोय तिथे, चार दातीत आमचा बैल आहे. नानांना घेऊन या.