मदत हवी आहे: एअर पिस्तूलचा सराव तुकड्यातुकड्यांत कसा करावा?

तिसरी शिट्टी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे नुसतीच वाचत असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

वय 43, बँकेत नोकरी, राहायला पुण्यात सिंहगड रोडला. घरात नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई. चार वर्षांपूर्वी लेकीला नेमबाजीच्या उन्हाळी शिबिरात घातलं होतं. तिला पंधरा दिवसांत कंटाळा आला, तिला सोडायला जाणारी मी मात्र अडकले ती अडकलेच. 10 मीटर एअर पिस्तूल. गेल्या वर्षी सेकंडहँड स्टायर एलपी 10 पिस्तूल घेतलं. जिल्हा पातळीवरच्या स्पर्धा खेळते. 60 शॉटचा सर्वोत्तम स्कोअर 600 पैकी 548, तोही एकदाच. एरवी 535 ते 540 मध्येच घुटमळते. मला 550 ओलांडायचंय. ऑलिंपिक वगैरे काही नाही, फक्त 550.

अडचण वेळेची. रेंज बालेवाडीच्या बाजूला, म्हणजे माझ्यापासून शहराचं दुसरं टोक. आठवड्यात तीन दिवस ठरवते, जमतो एखादाच. परवा ऑफिसातून थेट निघाले, तर वारज्यापासून चांदणी चौकापर्यंत गाड्या जागच्या हलेनात. पोचले तेव्हा रेंज बंद व्हायला पाऊण तास उरलेला. त्यात दीड तास अ‍ॅक्टिव्हाचा अ‍ॅक्सिलरेटर पिळून उजवं मनगट असं थरथरत होतं की पहिली सीरिज (दहा शॉटची) 81.

म्हणून घरी ड्राय करते, म्हणजे छर्‍याशिवाय नुसता ट्रिगर दाबायचा सराव. हॉलमधल्या भिंतीसमोर उभी राहते. श्वास सोडला, हात स्थिरावला, ट्रिगरचं पहिलं स्टेज (सुटण्याआधीचा हलका दाब) घेतलं की कुकर. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यामुळे गॅस बंद करायला मीच. परत उभी राहिले की बेल, दारात गॅस सिलिंडरवाला. (माझ्या कपाटातला पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर बघून कामवाल्या मावशींनी विचारलं होतं, "ताई, यावर किती माणसांचा स्वयंपाक होतो?") मग लेकीचं बीजगणित. रात्री साडेदहानंतर घर शांत होतं, पण तोवर डोळ्यांत राम उरत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, संध्याकाळनंतर फ्रंट साइट (नळीच्या टोकाची, नेम धरायची खूण) पुसटच दिसते.

एक किस्सा राहिलाच. मागच्या महिन्यात पडदा ओढायला विसरले. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "बी विंगमध्ये एक बाई बंदूक रोखून उभी आहे." सेक्रेटरी वर आले. त्यांना पावती दाखवली, 4.5 मिमीचा छर्रा दाखवला, या पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही हे समजावलं, चहा पाजला. त्यातच सरावाची वीस मिनिटं गेली.

तर जाणकारांनो, सलग तासभर कधीच मिळणार नाही असं धरून चाला. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे मिळतात, तेही मध्येच मोडणारे. त्यांत काय करावं? का हे असंच राहणार?

हलकंफुलकं

इंडक्शन घ्या. टायमर असतो. पुढचा प्रश्न?

तिसरी शिट्टी

सासूबाईंना इंडक्शनवरच्या वरणाला चव लागत नाही. तुम्ही येऊन समजावता का?

जुना खोडरबर

ताई, नुसत्या 535-540 वरून काही कळत नाही. शेवटच्या मॅचच्या सहा सीरिज सुट्या सुट्या द्या. आणि 60 शॉट किती वेळात संपवले तेही सांगा.

तिसरी शिट्टी

91, 92, 90, 84, 91, 89. चौथी नेहमीच अशी बसते. वेळ कधी बघितला नव्हता, स्कोअरशीटच्या फोटोवरून काढला. 46 मिनिटं.

जुना खोडरबर

सापडलं.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 60 शॉटना 75 मिनिटं असतात. त्याआधी तयारीला आणि सायटरला (न मोजायच्या चाचणी शॉटना) 15 मिनिटं वेगळी. म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. तुम्ही 46 मिनिटांत उरकून 29 मिनिटं तशीच परत दिलीत. घरी कुणीतरी हाक मारायच्या आत शॉट संपवायची सवय लागली आणि ती तुमच्याबरोबर लेनवर आली. तिथे कुणी हाक मारणार नसतं, तरी तुम्ही घाईतच.

चौथ्या सीरिजचंही तेच असणार. सरावात एका दमात 30 च्या पुढे कधी जाता का? नसाल जात, तर एकतिसाव्या शॉटपासून हाताला सगळं नवीनच. दमलेला हात स्थिर व्हायला जास्त वेळ मागतो आणि तुमची घाई तो देत नाही.

आता घरचं. तुकडे वाईट नसतात, तुकड्यात काय करतो त्यावर आहे. तुमच्या पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये साधारण 33 सेंमी अंतर धरा. दोन्ही साइट एकमेकींशी फक्त 1 मिमी चुकल्या, तर 10 मीटरवर छर्रा 30 मिमी बाजूला पडतो. एकेक रिंग 8 मिमीची, म्हणजे दहाचा थेट सात. उलट साइट नीट जुळलेल्या असताना अख्खा हातच 5 मिमी डावीउजवीकडे झुलला, तर छर्रा 5 मिमीच सरकतो आणि दहाला लागतो. दहाची रिंग 11.5 मिमीची आहे, वर छर्‍याची कड नुसती शिवली तरी गुण मिळतो. हात हलतो म्हणून माणूस घाबरतो, घाबरून ट्रिगर झटकतो, आणि झटक्यानं साइटची जुळणी बिघडते.

म्हणून दहा मिनिटं मिळाली की कोर्‍या भिंतीकडे तोंड करून ड्राय करा, टार्गेटच नको. लक्ष फक्त फ्रंट साइटवर. ट्रिगर सुटल्यावर ती जागची हलली का, एवढंच बघायचं. सुटल्यानंतरही दोन सेकंद हात तसाच. पंधरा चांगले शॉट झाले की पुरे.

टार्गेट लावायचंच असेल तर दहाच्या नाण्याभोवती पेन फिरवा आणि ते वर्तुळ काळं करा. नाणं 27 मिमीचं. 10 मीटरवरचा काळा गोल 59.5 मिमीचा असतो, म्हणजे साडेचार मीटरवरून हा तेवढाच दिसेल.

आणि कुकर. शिट्टी झाली की शॉट मोडायचा. घाईनं सोडायचा नाही. हात खाली, पिस्तूल टेबलावर, मग सासूबाईंना ओ द्यायची. चुकत चाललेला शॉट मोडून पुन्हा हात वर घेणं चांगल्या चांगल्यांना जमत नाही. तुम्हाला त्याचा सराव रोज फुकट मिळतोय.

पंचगंगेकाठचा

खोडरबर म्हणतात ते घड्याळाचं पटलं, बाकीचं अर्धंच. ड्राय हे मीठ, जेवण नव्हे. छर्रा सुटून कागदाला भोक पडेपर्यंत माणसाला स्वतःचं खोटं कळत नाही. मी कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर कागदी टार्गेटवर शिकलो. वहिनी, तीन दिवस जायचा हट्ट सोडा. रविवारी सकाळी एकदाच जा, रस्ते मोकळे असतात. पण गेलात की सायटर, साठ शॉट, घड्याळ, सगळं मॅचसारखं. मधल्या आठवड्यात रेंजला गेला नाहीत तरी जीव हळहळू देऊ नका.

रविवारी तीस शॉट झाले की पिस्तूल ठेवून खुर्चीत बसायचं. पाच मिनिटं. पाणी प्या, लांब बघा, डोळ्यांना विसावा द्या. नियमात बसतं. सुरुवातीला लाज वाटते, शेजारचा धाडधाड मारत असतो. मारू दे.

आणि अडथळा काय घरातच येतो? 2021 ला टोकियोत पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरचं पिस्तूलच बिघडलं. घड्याळ थांबत नव्हतं. दुरुस्त करून परत लेनवर येईपर्यंत कितीतरी मिनिटं गेली, 575 वर बारावी आली, फायनल हुकली. तीच पोरगी 2024 ला पॅरिसमध्ये 221.7 मारून कांस्य घेऊन आली. आमच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेतली नोकरी सांभाळत त्याच ऑलिंपिकला गेला आणि रायफलमध्ये कांस्य घेऊन आला. नोकरीवाल्यांनी खचायचं कारण नाही एवढंच सांगतोय, तुलना करत नाही.

रेंजला जायच्या दिवशी कणीक मळू नका. हसू नका, खरं सांगतोय. आमच्या मंडळींची एक सीरिज पोळ्यांनी खाल्लेली आहे. आणि उजव्या हातातल्या बांगड्या काढा, किणकिण झाली की लक्ष तिकडंच जातं.

चष्मेवाली

मी नेत्रतपासनीस आहे. इतकं सगळं चाललंय आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्याबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून लिहिते.

प्रोग्रेसिव्ह काचेत वरून खाली नंबर बदलत जातो. मान जराशी कलली की फ्रंट साइटवर वेगळाच नंबर येतो. साठ शॉटमध्ये मान साठ वेळा नेमकी तशीच राहणार नाही. शूटिंगसाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करा. साधारणपणे लांबच्या नंबरात +0.50 किंवा +0.75 मिळवतात. त्यानं फ्रंट साइट रेखीव दिसते आणि काळा गोल थोडा धूसर. तो धूसरच हवा. साइट आणि टार्गेट दोन्ही एकाच वेळी स्वच्छ बघायचा हट्ट डोळ्यांना थकवतो, चाळिशीनंतर तर फारच.

तपासायला जाताना डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर दोर्‍यानं मोजून तो दोरा न्या. पिस्तूल दुकानात नेऊ नका, सोसायटीचा अनुभव आहेच तुम्हाला. दुसरा डोळा मिटून घेत असाल तर तेही सोडा, त्यापुढे पांढरी पट्टी लावा. 30 मिमीपर्यंत रुंद चालते.

तिसरी शिट्टी

एवढं कुणी मनापासून लिहील असं वाटलं नव्हतं. 46 मिनिटांचं वाचून नवरा म्हणाला, "तू जेवतेसही अशीच." दोन दिवस मनात तेच घोळत होतं. पंचगंगेकाठचे भाऊ, कणकेचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, रविवारच्या पोळ्या बाहेरून आणा. या घरात हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

जुना खोडरबर

एक सांगायचं राहिलं. घरी ड्राय करताना छर्‍यांचा डबा दुसर्‍या खोलीत ठेवा, कपाट कुलूपबंद. लेक समंजस असली तरी. आणि पडदा!

तिसरी शिट्टी

तीन आठवड्यांनी येतेय. चष्मा झाला. पहिल्या दिवशी फ्रंट साइट इतकी काळीभोर आणि धारदार दिसली की शॉट मारायचं सोडून नुसती बघत बसले. रोज रात्री जेवणं व्हायच्या आधी कोर्‍या भिंतीवर पंधरा शॉट करते. मोडलेले शॉट वहीत वेगळे मांडते. पहिल्या आठवड्यात रोज एखाददुसरा मोडत होते, आता पाच-सहा. हे वाढणं चांगलं की वाईट ते खोडरबर सांगतील.

काल क्लबची मॅच होती. स्कूटर घरी ठेवली, नवर्‍यानं गाडीनं सोडलं. तीस शॉटनंतर बसले. शेजारच्या मुलीनं काळजीनं विचारलं, "काकू, बरं वाटत नाहीये का?" एकूण वेळ 69 मिनिटं. सीरिज 90, 91, 93, 90, 88, 91. बेरीज 543. 550 अजून लांब आहे, आणि आता पाचवी बसायला लागली. पण चौथीत नव्वद मला आठवत नाही कधी आले होते.

आता नवाच प्रश्न. गणपती येतायत. घरात दहा दिवस पाहुणे, आणि माझी साडेचार मीटरची भिंत म्हणजे नेमकी मखराची जागा. आतल्या खोलीत पलंगामुळे जेमतेम अडीच मीटर मिळतात. गच्चीवर पाऊस. काही सुचतंय का?

पंचगंगेकाठचा

अडीच मीटर पुष्कळ झाले. कोर्‍या भिंतीला अंतर कशाला लागतं? पलंगाशेजारी उभ्या राहा.

हलकंफुलकं

फक्त आरतीला आलेल्या काकूंना चप्पल ठेवायला त्या खोलीत पाठवू नका.