मदत हवी आहे: सॉलिड बॉडी गिटारला व्हायब्रॅटो बसवायचाय, कुठला घेऊ?

कोमल_गंधार
इलेक्ट्रिक गिटारला व्हायब्रॅटो (दांडा दाबून सूर खालीवर करणारी यंत्रणा) बसवायचाय. सध्या फिक्स्ड ब्रिज (तारांचा बॉडीवरचा न हलणारा टेकू) आहे. बॉडी कोरायची नाही, अगदीच गरज पडली तर एखाददुसरा स्क्रू चालेल. सूर पार तळाला न्यायचे नाहीत. कॉर्ड छेडली की ती हलकेच झुलली पाहिजे, एवढंच हवंय. बिग्सबी कंपनीचा चालेल का? की दुसरं काही? दोन दिवसांत ऑर्डर टाकायची आहे, म्हणून कृपया थेट नाव सांगा. "दुसरी गिटार घे" हे उत्तर नको. हीच गिटार हवी आहे.

सहावी_तार
गिटार कुठली? बॉडीचा बाजूने काढलेला एक फोटो टाका, ब्रिज दिसेल असा. बिग्सबीचीच बरीच मॉडेलं आहेत आणि एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

दुहेरी_कुलूप
फ्लॉइड रोज व्हायब्रॅटो. विषय संपला. तारा नटवर (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि सॅडलवर (ब्रिजमधला प्रत्येक तारेचा टेकू), दोन्हीकडे आवळलेल्या असतात, त्यामुळे सूर हलत नाही. १९७०च्या दशकाच्या शेवटी हा प्रकार आला आणि ट्यूनिंगची जुनी रड तिथेच मिटली. बाकी सगळं म्हणजे दर गाण्यानंतर खुंट्या पिळणं.

कोमल_गंधार
@सहावी_तार, सॉलिड बॉडी आहे, लिहिलंय की वर. सहा तारा आहेत. फोटो आत्ता शक्य नाही.
@दुहेरी_कुलूप, बॉडी कोरायची नाही हेही लिहिलंय.

रंधा_पटाशी
सॉलिड बॉडी एवढं सांगून भागत नाही. मी हौसेने गिटारी बांधतो, त्यावरून सांगतो. तीन गोष्टी कळल्याशिवाय काहीच मागवू नका.

बॉडीचा वरचा भाग सपाट आहे की मध्ये फुगीर? नेक स्क्रूंनी जोडलेली आहे की चिकटवलेली? आणि ब्रिजपाशी तारा बॉडीपासून किती मिलिमीटर वर आहेत?

तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. स्ट्रॅटसारख्या सपाट बॉडीच्या गिटारीत नेक बॉडीला जवळजवळ समांतर असते, त्यामुळे तारा बॉडीलगत राहतात. चिकटवलेल्या नेकच्या, फुगीर बॉडीच्या गिटारीत नेक चार-पाच अंश मागे कललेली असते आणि ब्रिज बराच उंच लागतो. एकीसाठी बनवलेला व्हायब्रॅटो दुसरीवर ठेवला की सॅडल पूर्ण वर घेऊनही तारा फ्रेटवर टेकतात. हे मोजायला पट्टी पुरते, फोटोचीही गरज नाही.

निळा_सूर
बसवायचंच कशाला? पिच बदलणारा पेडल घ्या. पायाखाली ठेवा, गिटारला हात लावायला नको. मी हेच वापरतो आणि खूश आहे.

सहावी_तार
@निळा_सूर, पेडलने सगळ्या तारा एकाच प्रमाणात सरकतात. बिग्सबीने तसं होत नाही. दांडा तेवढाच दाबला तरी प्रत्येक तार वेगळ्या प्रमाणात उतरते, म्हणून कॉर्ड किंचित विस्कटते आणि पुन्हा जुळते. त्यांना जे "झुलणं" हवंय ते बहुतेक तेच आहे.

रियाजी
मला वाटतं यंत्रापेक्षा बोटांवर मेहनत घ्यावी. मनगटातून व्हायब्रॅटो काढायला शिका, रोज सावकाश मेट्रोनोमवर. चांगला हात असेल तर दांड्याची गरज लागत नाही. तार ओढून सुंदर मींड निघते.

कोमल_गंधार
@रियाजी, बोटांचा व्हायब्रॅटो येतो मला. पण तार ओढली की सूर फक्त चढतो, आणि मोकळ्या तारांच्या कॉर्डला बोट लावायला जागाच नसते. मला सूर खाली जाऊन परत यायला हवाय, सहाही तारांचा एकदम.

आता मोजलं. बॉडी फुगीर, नेक चिकटवलेली. ब्रिजपाशी सहावी तार बॉडीपासून साधारण १७ मिमी. गिब्सनच्या लेस पॉल धाटणीची आहे. ब्रिज ट्यून-ओ-मॅटिक, मागे तारा अडकवायचा स्टॉपबार. आता तरी नाव सांगा.

रंधा_पटाशी
झालं, आता बोलता येतं.

बिग्सबी बी-५ नको, तो सपाट बॉडीसाठी आहे, पायथा चपटा असतो. बी-३ आणि बी-६ पोकळ गिटारींचे. तुम्हाला बी-७. तो फुगीर बॉडीसाठीच आहे: मागचं टोक स्ट्रॅपच्या बटणाच्या जागी बॉडीच्या कडेला बसतं आणि पुढे तारांना खाली दाबणारा आडवा रूळ असतो. एरवी पुढचा भाग धरायला बॉडीत वरून स्क्रू मारावे लागतात, कारण तारा तो रूळ वर खेचत असतात. ते टाळायला व्हायब्रामेट नावाचा अ‍ॅडॉप्टर मिळतो, त्याचं व्ही-७ मॉडेल. ही धातूची पट्टी स्टॉपबारच्याच दोन खांबांवर घट्ट होते आणि बिग्सबी तिच्यावर बसतो. नवीन भोक एकही नाही. उद्या मन बदललं तर स्टॉपबार परत लावा, गिटार होती तशी.

दुसरा पर्याय ड्यूसेनबर्गचा लेस ट्रेम. तोही स्टॉपबारच्या खांबांवरच बसतो, वजनाने बिग्सबीपेक्षा बराच हलका. तुम्हाला हवं तेवढं झुलणं त्यातही मिळेल. वजन खटकत असेल तर हा, नाहीतर बी-७. माझं मत बी-७ला, कारण त्याच्या दांड्याला जो संथपणा आहे तो मला दुसऱ्या कशात सापडलेला नाही. हळूहळू जाणारा सूर ऐकायचा असेल तर तोच.

दुहेरी_कुलूप
आणि मग सूर उतरला की इथेच नवा धागा काढा. बी-७मध्ये तार किती ठिकाणी घासते मोजा: नट, सॅडल, तो दाबणारा रूळ, शेवटी तारा जिला अडकवतात त्या गोल दांडीभोवतीचा वेढा. प्रत्येक ठिकाणी अडकण्याची शक्यता. फ्लॉइडमध्ये घासायला जागाच नाही. लेस पॉल धाटणीच्या गिटारींना फ्लॉइड बसवलेले मी प्रत्यक्ष वाजवलेत, उत्तम चालतात.

रंधा_पटाशी
चालतात, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी काय करावं लागतं तेही लिहा. बॉडी आरपार कोरायची, मागे स्प्रिंगांसाठी दुसरा खड्डा, नटखालचं लाकूड तासून लॉकिंग नटची बैठक, शिवाय मागे कललेल्या नेकचा हिशोब करून खांबांची उंची. १०-४६ जाडीच्या तारांच्या सेटचा ताण मिळून ४५ किलोच्या आसपास जातो आणि फ्लॉइडमध्ये तो सगळा दोन खांबांवर येतो. भोक जरा ढिलं झालं की खांब पुढे झुकतो. राउटर सरावाच्या हातात असेल, टेम्प्लेट अचूक असेल, दर फेरीला दोन-तीन मिलिमीटरच लाकूड काढायचा धीर असेल, तर करावं. प्रश्नकर्त्याने पहिल्याच ओळीत नको म्हटलंय.

दुहेरी_कुलूप
मग काहलरचा व्हायब्रॅटो बघा. त्याला मागून खड्डा लागत नाही.

सहावी_तार
वरून उथळ तरी कोरावंच लागतं. तेही नकोच आहे त्यांना.

जुनी_तबकडी
लेस पॉल आणि बिग्सबी म्हटल्यावर रॉक गायक-गिटारवादक नील यंगची आठवण येणारच. त्याची "ओल्ड ब्लॅक" ही १९५३ची लेस पॉल, तिच्यावर बिग्सबी आहे, आणि दांड्यावरचा त्याचा हात ऐकण्यासारखा. दोन-तीन सुरांतच सगळा आवाज हलता ठेवतो.

अवांतर: स्वतः व्हायब्रॅटो बनवण्यात ज्यांना रस आहे त्यांनी क्वीन बँडच्या ब्रायन मेची गिटार अभ्यासावी. त्याने आणि वडिलांनी १९६३पासून घरीच बांधली. व्हायब्रॅटोचा तक्ता सुरीसारख्या धारेवर डोलतो आणि ताण पेलायला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्यात. घर्षण कमी करायचं एवढं एकच सूत्र धरून सगळं आखलंय, रोलर सॅडलसुद्धा हातानेच केलेली.

रंधा_पटाशी
@जुनी_तबकडी, त्या गिटारीवर वेगळा धागा काढा ना, मी नक्की लिहीन. त्या सुरीच्या धारेवर बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

स्वच्छ_फ्रेट
तारा सगळ्या काढणारच आहात तर फिंगरबोर्ड पुसून घ्या. रोजवूड असेल तर थोडं लेमन ऑइल लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने काढा. वार्निश केलेल्या मेपलला लावू नका. आणि फ्रेटना पॉलिश करताना पिकअपवर चिकटपट्टी लावा, स्टील वूलचे कण चुंबकाला चिकटतात.

कोमल_गंधार
बी-७ आणि अ‍ॅडॉप्टर असं ठरवतोय. पण सूर उतरण्याचं काय? @दुहेरी_कुलूप म्हणतात ते खरं आहे का? असेल तर रोलर ब्रिजही याच ऑर्डरमध्ये टाकू का?

सहावी_तार
टाका. रोलर सॅडल असले की तार त्यावरून गुंडाळत जाते, घासत नाही. ब्रिजच्या खांबांचा व्यास आणि दोन खांबांतलं अंतर मोजूनच मागवा. जुन्या एबीआर-१ प्रकारात बारीक खांब थेट लाकडात असतात, नॅशव्हिल प्रकारात बुशमध्ये (लाकडात बसवलेल्या धातूच्या नळीत) जाड. एकाचा ब्रिज दुसऱ्यावर जात नाही.

अनाहत
रोलरवर पैसे घालवू नका. स्वस्तातले रोलर खुळखुळतात आणि तारेचा नाद खातात. आहे तोच ट्यून-ओ-मॅटिक ठेवा, खाचा गुळगुळीत करून घ्या. बारीक खांबांवरचा ब्रिज दांड्याबरोबर किंचित पुढेमागे डुलतो, तारही त्याच्यासोबत जाते, म्हणजे घासण्याचा प्रश्नच कमी होतो. बिग्सबीचा स्वतःचा ब्रिजही डोलणाराच असतो.

सहावी_तार
डोलणारा ब्रिज प्रत्येक वेळी त्याच जागी परत येईल याची हमी काय? जरा पुढे थांबला की इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवरचा सुरेलपणा) गेलं.

अनाहत
आणि रोलरमध्ये धूळ बसली की तो फिरायचा थांबतो, मग तो साधा सॅडलच. मी डोलणाऱ्या ब्रिजवर वाजवतोय, परत येतो.

मेघमल्हार
दोघेही ब्रिजवर भांडताय, पण लेस पॉल धाटणीत खरी अडचण नटला असते. हेडस्टॉकवर तीन-तीन खुंट्या, त्यामुळे मधल्या दोन तारा नटमधून बाहेर पडताच तिरक्या वळतात. तिसरी आणि चौथी तार सगळ्यात आधी अडकतात ती त्यामुळेच. रोलर घ्या नाहीतर डोलता ब्रिज, नट अडकला तर काही उपयोग नाही.

@कोमल_गंधार, काहीही मागवायच्या आधी आहे त्याच गिटारीवर हे करून बघा. तिसरी तार ट्यून करा, नट आणि खुंटीच्या मधला भाग बोटाने दाबा आणि सोडा. सूर चढलेला राहिला की समजा खाच घट्ट आहे. ट्यून करताना "टिक्" असा आवाज येतो का तेही ऐका. खाच तारेच्या जाडीला फिट्ट असेल तर ती किंचित रुंद करून, खुंटीच्या दिशेने जरा वळवून घ्यावी लागते, खोली न वाढवता. त्यावर मऊ ६बी पेन्सिलचं शिसं चोळायचं. खुंटीवर वेढे दोन-तीनच.

बिग्सबी बसल्यावर निदान असं करा: दांडा दाबून सोडल्यावर सूर चढलेला परत आला तर तार बहुधा नटपाशी अडकली. तार जरा ओढली की जागेवर येईल. दांडा वर खेचून सोडल्यावर उतरलेला आला तर उलटं.

कोमल_गंधार
केलं. तिसरी आणि चौथी दोन्ही चढलेल्या राहतात, आणि टिक् आवाजही येतो. म्हणजे नट आधी करून घेतो. खूप आभार, ही पहिली गोष्ट जी मला इथल्या इथे तपासता आली. ब्रिज सध्या आहे तोच ठेवतो.

ऑर्डर भरतोय. बी-७चा दांडा वळवून खालच्या बाजूला घेता येतो ना? चित्रात उलट्या बाजूला दिसतोय.

सहावी_तार
उलट्या बाजूला म्हणजे? दांडा पहिल्या तारेकडेच असतो.

कोमल_गंधार
हो, पण माझी गिटार डावखुरी आहे. पहिली तार दुसऱ्या बाजूला येते.

रंधा_पटाशी
ऑर्डर थांबवा! साधा बी-७ घेतलात तर दांडा सहाव्या तारेच्या बाजूला, वरच्या अंगाला येईल आणि पंजाखाली धरताच येणार नाही. तो वळवून काम होत नाही, दांड्याची बैठक ओतकामातच एका बाजूला असते. बिग्सबीची डावखुरी मॉडेलं वेगळी मिळतात, नावापुढे तसा उल्लेख असतो. अ‍ॅडॉप्टर डाव्या मॉडेलला चालतो का, हे विक्रेत्याला लेखी विचारा आणि उत्तर आल्यावरच पैसे भरा. नट कापणाऱ्यालाही सांगा, जाड तारेची खाच कुठल्या टोकाला ते.

दुहेरी_कुलूप
फ्लॉइड डावखुराही मिळतो, नोंद असावी.

कोमल_गंधार
विक्रेत्याला लिहिलंय, उत्तराची वाट बघतोय. तोवर एक: स्टॉपबार काढून पाहिला तर अ‍ॅम्पमधून घूं असा मोठा आवाज यायला लागला. काही तुटलं का?

मेघमल्हार
तुटलं नसावं. अशा गिटारींत ग्राउंडची वायर बहुतेक स्टॉपबारच्या एका खांबाच्या बुशला आतून टेकलेली असते. बार काढला की तारा ग्राउंडपासून सुटतात आणि घूं येते. अ‍ॅडॉप्टर त्याच खांबांवर घट्ट झाला की जोडणी पुन्हा होईल. बसवल्यावर मल्टिमीटरचं एक टोक बिग्सबीला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूला लावा. बीप आली तर ठीक. आली नाही तर त्या खांबाच्या आट्यांवरचा रंग किंवा लॅकर खरवडा आणि पुन्हा बघा.

अनाहत
आणि तारा चढवताना, बिग्सबीच्या खिळ्यावरून तारेच्या टोकाची गोटी निसटत राहते. तारेचं टोक आधी पक्कडीने अर्धगोल वाकवून घ्या, खिळ्यावर अडकवा, खाली स्पंजचा तुकडा खुपसा आणि नेकवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तार धरून ठेवा. मग दोन्ही हात खुंटीला मोकळे राहतात.

पहिली_कॉर्ड
माझ्याकडे टेलिकास्टर आहे, बॉडी सपाट. तिला पण बी-७ बसेल का?

सहावी_तार
नाही. बॉडीचा बाजूने काढलेला फोटो टाका, आणि गिटार उजवी की डावी तेही आधीच लिहा.